कामावर गेल्यावर मूल कोण सांभाळणार?

मुळशी तालुक्यात सकाळी दोन तऱ्हेची माणसं घाईने घराबाहेर पडतात. पिरंगुट, उरवडे, कासार आंबोली, घोटवड्याच्या कारखान्यांत पहिल्या पाळीला जाणारी एक, आणि तासा-दोन तासांनी हिंजवडी-माणच्या आयटी कंपन्यांकडे निघणारी दुसरी. पगारात जमीन-अस्मानाचं अंतर. पण दोन्हीकडे अशी घरं आहेत, जिथे मोठं माणूस एकच आहे. नवरा गेलेली, नवऱ्याने टाकलेली किंवा स्वतःहून बाहेर पडलेली आई, बायको गेलेला बाप, लग्नाशिवाय मूल वाढवणारी किंवा दत्तक घेणारी बाई. दार ओढून घेताना त्यांच्या मनात एकच गोष्ट असते: आता संध्याकाळपर्यंत लेकरू कुणाकडे?

याबाबत सल्ले गावात मिळतात आणि सोसायटीतही. त्यातले बरेच चुकीचे असतात, आणि अशा घरांत चुकीच्या सल्ल्याची किंमत लगेच मोजावी लागते. कुणाची नोकरी सुटते, कुणाच्या थोरल्या मुलीची शाळा सुटते, कुणी हक्काचा पैसा सोडून देतं. म्हणून नेहमी कानावर येणारी ही काही वाक्यं, आणि त्यांच्यापुढे जे खरं आहे ते.

“गावाकडे काय, घरचं कुणीतरी असतंच.”

मुळशी हा भाताचा तालुका आहे. आषाढात लावणी सुरू झाली की आजीसुद्धा दिवसभर गुडघाभर चिखलात असते, आणि दिवाळीच्या आसपास कापणी-झोडणी. नेमक्या त्याच दिवसांत कारखान्याची पाळी काही थांबत नाही. कातकरी वस्त्यांतली कुटुंबं तर पावसाळा सरला की वीटभट्ट्यांवर निघून जातात. त्यांच्यामागे घरी राहणारं कुणी उरत नाही. भूगाव, भुकूम, मारुंजीच्या नव्या इमारतींत राहणाऱ्यांची आजी मराठवाड्यात किंवा विदर्भात असते, बांधकामावरच्या मजुरांची त्याहून दूर. शिवाय नवऱ्यापासून वेगळी झालेल्या बाईला सासर नसतं, आणि माहेर किती दिवस दार उघडं ठेवेल याचा नेम नसतो.

‘घरचं कुणीतरी’ याचा खरा अर्थ पुष्कळदा ‘थोरली मुलगी’ असा होतो. आठ-नऊ वर्षांची पोर धाकट्याला कडेवर घेऊन दिवसभर घरात बसते, हे सगळ्या आळीला दिसतं आणि कुणाला खटकत नाही. महाराष्ट्रात ते फार पूर्वी एका बाईंना खटकलं होतं. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं आणि पुढे अनुताई वाघांसह ते काम कोसबाडच्या टेकडीवर नेलं. आदिवासी मुली शाळेत येत नव्हत्या याचं एक कारण साधं होतं: कडेवर भावंड होतं. ताराबाईंनी मुलींना किंवा त्यांच्या आयांना बोल लावला नाही. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा त्यांनी एकाच आवारात आणली आणि या रचनेला विकासवाडी म्हटलं. धाकटं पाळण्यात, मधलं बालवाडीत, थोरली वर्गात. आज अनेक गावांत जिल्हा परिषदेच्या शाळेच्या आवारात अंगणवाडी आहे. विकासवाडीतला तिसरा भाग, पाळणाघर, तेवढा राहून गेला. मला वाटतं, आपल्या खेड्यांतल्या बालसंगोपनाची सगळी अडचण या राहून गेलेल्या खोलीत आहे.

“अंगणवाडी आहे ना, मग वेगळं पाळणाघर कशाला?”

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. तिचा भर पोषण, लसीकरण, वजन-उंची आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांच्या पूर्वप्राथमिक शिक्षणावर होता, आजही आहे. तीन वर्षांखालच्या मुलाला तिथून घरी न्यायचा आहार मिळतो, दिवसभर बसायला जागा नाही. मोठी मुलंही काही तासांनी घरी परततात. आठ तासांची पाळी आणि त्यावर बसचा वेळ यात ते बसत नाही. यात अंगणवाडीताईंचा दोष नाही. त्यांना नेमून दिलेलं काम वेगळं आहे.

म्हणूनच केंद्र सरकारच्या मिशन शक्तीमध्ये ‘पाळणा’ ही योजना आली आणि अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायचं ठरलं. सहा महिने ते सहा वर्षांची मुलं, महिन्याचे २६ दिवस, रोज साडेसात तास, एका केंद्रात साधारण २५ मुलं, आणि त्यांच्यासाठी वेगळी पाळणा सेविका व मदतनीस. आई नोकरी करते की नाही, कुठे करते, अशी अट तिथे नाही. साडेसात तासही पाळीला पुरत नाहीत, हे खरं. तरी सकाळचा एक तास शेजारच्या मावशींनी सांभाळणं आणि अख्खा दिवस सांभाळणं यात फार फरक आहे. तुमच्या जवळ असं केंद्र मंजूर झालं आहे का, हे पौडच्या एकात्मिक बालविकास प्रकल्प कार्यालयात विचारावं. नसेल तर मागणीचा अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. पोच महत्त्वाची आहे. तोंडी मागणी कुठेच मोजली जात नाही.

याच्या जोडीला आणखी एक समज चिकटलेला आहे, की अंगणवाडी फक्त गावातल्या गरिबांची, बाहेरून आलेल्या भाडेकरूंची नाही. १३ डिसेंबर २००६ च्या आदेशाने सर्वोच्च न्यायालयाने ही सेवा सहा वर्षांखालच्या प्रत्येक मुलापर्यंत न्यायला सांगितली. त्याच आदेशात असंही आहे, की ग्रामीण वस्तीत किंवा झोपडपट्टीत सहा वर्षांखालची किमान ४० मुलं असतील आणि अंगणवाडी नसेल, तर मागणी केल्यापासून तीन महिन्यांच्या आत ती मिळाली पाहिजे. हिंजवडी-माणच्या आसपासच्या चाळी आणि मजूर वस्त्यांमध्ये ४० मुलं मोजायला फार चालावं लागणार नाही.

“कंपनीत तीस बायका नाहीत, म्हणजे पाळणाघराचा प्रश्नच नाही.”

मालकांना आणि सुपरवायझरना हा आकडा पाठ असतो, कामगारांनाही तोच सांगितला जातो. तो आला १९४८ च्या कारखाने कायद्यातून. त्याच्या ४८ व्या कलमाप्रमाणे तीसपेक्षा जास्त स्त्री कामगार असलेल्या कारखान्याने सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोली आणि ती सांभाळणारी प्रशिक्षित बाई द्यायची. हेतू चांगला होता. पण मोजणी फक्त बायकांची असल्याने पाळणाघराचा खर्च हा बाईला कामावर ठेवण्याचा खर्च ठरला, आणि बापाच्या मुलाला कायद्यात जागाच उरली नाही.

ही मोजणी पुढे बदलली. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली आणि पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेवर पाळणाघराची जबाबदारी आली. पन्नास कर्मचारी म्हणजे स्त्री-पुरुष मिळून. दिवसातून चार वेळा पाळणाघरात जाऊन येण्याची मुभा आईला मिळाली, आणि नेमणुकीच्या वेळीच हे हक्क तिला लेखी कळवण्याचं बंधन मालकावर आलं. आपल्यापैकी किती जणींच्या हातात नेमणुकीच्या दिवशी असा कागद पडला?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या आणि हे जुने कायदे त्यांत सामावले. सामाजिक सुरक्षा संहितेच्या ६७ व्या कलमात पन्नासचा आकडा कायम आहे. मुळशीच्या दृष्टीने मला त्यात दोन गोष्टी मोलाच्या वाटतात. एक, ‘कर्मचारी’ या शब्दाच्या व्याख्येत कंत्राटदारामार्फत कामाला लावलेली माणसंही येतात. पिरंगुट पट्ट्यात ‘तू कंपनीची नाहीस, कंत्राटदाराची आहेस’ हे वाक्य हरघडी ऐकू येतं. या मोजणीत ते लागू पडत नाही. दुसरी, प्रत्येक कारखान्याने स्वतंत्र पाळणाघर बांधलंच पाहिजे असं नाही. सरकारचं, नगरपालिकेचं, खासगी किंवा संस्थेचं पाळणाघर वापरता येतं, आणि अनेक आस्थापना पैसे एकत्र करून सामाईक पाळणाघर चालवू शकतात. पिरंगुट-उरवडे रस्त्यावर लहानमोठे कारखाने भिंतीला भिंत लावून उभे आहेत. सामाईक पाळणाघरासाठी याहून सोयीची जागा शोधूनही सापडणार नाही.

२०१७ च्या दुरुस्तीनंतर केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने पाळणाघरांसाठी किमान निकष काढले होते. त्यांत पाळणाघर कामाच्या जागेपासून किंवा घरापासून ५०० मीटरच्या आत असावं, तीन वर्षांखालच्या दहा मुलांमागे एक प्रशिक्षित सेविका आणि त्यावरच्या वीस मुलांमागे एक, असं म्हटलं आहे. कंपनीशी बोलायला जाताना हे आकडे लिहून न्यावेत. एकटीने जाऊ नये, चार-पाच जणांनी मिळून जावं, बापांनाही सोबत घ्यावं. दाद लागली नाही तर पुण्याच्या कामगार आयुक्त कार्यालयात लेखी तक्रार देता येते.

बांधकामावरच्या मजुरांसाठी तर नमुना शोधायलाच नको. १९६९ साली दिल्लीत मीरा महादेवन यांनी बांधकामाच्या जागीच पाळणाघर उघडलं आणि मोबाइल क्रेशेस या संस्थेचं काम सुरू झालं. पुण्यात तारा मोबाइल क्रेशेस ही संस्था बिल्डरांच्या साइटवर अशी पाळणाघरं चालवते. वाळूच्या ढिगाशेजारी, सळ्यांच्या मध्ये रांगणारं मूल ही टाळता न येणारी गोष्ट आहे, असं यापुढे तरी कुणी म्हणू नये.

“पाळणाघरात टाकलं की मूल आईपासून तुटतं.”

हे वाक्य एकट्या आईच्या वर्मी बसतं. तिच्यापुढे दुसरा रस्ता नसतो, आणि ऐकवणाऱ्याला ते माहीत असतं. अमेरिकेत १९९१ पासून दहा ठिकाणच्या १,३६४ मुलांचा जन्मापासून पाठपुरावा झाला. त्या अभ्यासात असं दिसलं, की मूल पाळणाघरात जातं एवढ्यावरून आईशी असलेली त्याची ओढ कमी होत नाही. आई मुलाच्या हाकेला किती जाणतेपणी ओ देते, याचा परिणाम त्याहून मोठा असतो. सांभाळाचा दर्जा वाईट आणि घरीही लक्ष कमी, असं दोन्ही एकत्र आलं तर मात्र धोका वाढतो. म्हणजे काळजी करायची ती पाळणाघर कसं आहे याची.

पहिल्या वर्षी सर्दी, ताप, जुलाब जास्त होतात, ते खरं आहे. त्यासाठी आजारपणातला पर्याय आधीच ठरवून ठेवावा, कारण ताप असलेलं मूल कुठलंही जबाबदार पाळणाघर घेणार नाही आणि घेऊही नये.

“कॅमेरे आहेत, म्हणजे सुरक्षित आहे.”

२०१६ साली नवी मुंबईत खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या बाळाला झालेली मारहाण सगळ्या महाराष्ट्राने दूरदर्शनच्या पडद्यावर पाहिली. कॅमेरा तिथेही होता. घडून गेलेलं त्याने दाखवलं, घडताना थांबवलं नाही. मूल सुरक्षित राहतं ते एका बाईकडे किती मुलं आहेत यावर, आणि ती बाई किती थकलेली आहे यावर. म्हणून आधी मुलं मोजा, मग माणसं मोजा. न सांगता दुपारी जाऊन या. पालकांना आत येऊ देत नाहीत, असं पाळणाघर कितीही चकचकीत असलं तरी नको. सांभाळणाऱ्यांची पोलीस पडताळणी झाली आहे का ते विचारा. मोठ्यांची दारू किंवा भांडणं असलेल्या घरातलं घरगुती पाळणाघर शेजारचं म्हणून निवडू नका. काही संशय आलाच तर मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइन आहे.

एकट्या पालकाने आणखी एक गोष्ट लेखी द्यावी: मुलाला घेऊन जायला कोण येऊ शकतं आणि कोण नाही. ताब्याबाबत न्यायालयाचा आदेश असेल तर त्याची प्रत पाळणाघरात ठेवावी. ‘वडिलांची सही आणा’ म्हणून कुणी प्रवेश अडवत असेल तर त्याला कायद्याचा आधार नाही. ६ जुलै २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित आईला वडिलांचं नाव न सांगताही मुलाचं पालकत्व मागता येतं, असा निकाल दिला आहे.

खर्चाच्या बाबतीत एवढंच म्हणेन, की ब्रँडच्या नावाला आणि इंग्रजी गाण्यांना पैसे मोजण्यापेक्षा कमी मुलं आणि कायम टिकणारी बाई याला मोजावेत. फी ठरवताना उशिराचा आकार, सुट्ट्यांतले पैसे आणि डब्याची सोय यांवर आधीच बोलून घ्यावं. महिन्याचं गणित बिघडतं ते या तीन ठिकाणी. आणि स्वस्त म्हणजे सांभाळणाऱ्या बाईला कमी पैसे, असा हिशेब कुणी करू नये. डिसेंबर २०२३ ते जानेवारी २०२४ मध्ये राज्यातल्या अंगणवाडी सेविका-मदतनीसांनी मानधनासाठी दीर्घ संप केला. दुसऱ्यांची मुलं सांभाळणाऱ्या बाईचंही घर चालावं लागतं, ही त्यांची मागणी होती, आणि ती रास्तच होती.

“तू कमावतेस ना, मग तुला कोण पैसे देणार?”

नवऱ्यापासून वेगळं राहणाऱ्या कमावत्या आईला हे सासरकडून ऐकवलं जातं, कधी वकिलाच्या दारातही. मुलाचा पोटगीचा हक्क आईच्या पगाराने संपत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १४४ व्या कलमाखाली मुलासाठी अर्ज करता येतो. अंतरिम रकमेचा निर्णय समोरच्याला नोटीस मिळाल्यापासून शक्यतो ६० दिवसांत व्हावा असं कायदा म्हणतो. रजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये सांगितलं, की बायको कमावते एवढ्यावरून पोटगी नाकारता येणार नाही आणि रक्कम अर्जाच्या तारखेपासून मोजायची. खर्चाच्या यादीत पाळणाघराची फी लिहा आणि पावत्या जोडा. पावती न देणाऱ्या घरगुती पाळणाघरवाल्या काकूंकडून साध्या वहीत का होईना, दर महिन्याला सही घ्या.

सरकारी मदतीबद्दल तर लोकांना फारच कमी माहिती आहे. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत अठरा वर्षांखालच्या मुलासाठी महिन्याला २,२५० रुपये मिळतात. पुष्कळांना वाटतं ती फक्त अनाथांसाठी आहे. एकच पालक असलेली मुलंही तिच्यात बसतात. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडे करायचा असतो, घरी चौकशी होते, आणि बालकल्याण समिती आदेश काढते. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये प्रायोजकत्वाची रक्कम महिन्याला ४,००० रुपये आहे. आई विधवा, घटस्फोटित किंवा टाकलेली असेल तर मूल पात्र ठरू शकतं, मात्र ग्रामीण भागात वार्षिक उत्पन्न ७२,००० रुपयांच्या आत हवं. तुमच्या मुलाला कोणती लागू होते ते कार्यालयात विचारून तिचाच अर्ज करा. पैसे देऊन अर्ज भरून देतो म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका.

“बापाला काय जमणार?”

७ जून २०२१ रोजी उरवड्याच्या एका कारखान्याला आग लागली. मेलेल्या कामगारांत बहुतेक स्त्रिया होत्या. आई जाते त्या घरात मुलांचा एकटा पालक बापच असतो. त्याला लोक दोनच सल्ले देतात: दुसरं लग्न कर, नाहीतर पोरं आजोळी पाठव. तिसरा रस्ता आहे हे त्याला सांगायला हवं. राज्य सरकारी नोकरीतल्या, पत्नी नसलेल्या पुरुष कर्मचाऱ्याला २०१८ पासून १८० दिवसांची बालसंगोपन रजा मिळते. केंद्र सरकारच्या नोकरीत एकट्या बापाला ही रजा ७३० दिवसांपर्यंत आहे. बालसंगोपन योजनेत पालक म्हटलं आहे, आई असं नाही. खासगी नोकरीतल्या बापाला अशी रजा नाही, म्हणून त्याला पाळणाघराची गरज अधिकच आहे. ‘जेंट्सची मुलं घेत नाही’ असं सांगणाऱ्या पाळणाघरवाल्या मावशींनी याचा पुन्हा विचार करावा.

“ग्रामपंचायतीचा यात काय संबंध?”

सगळ्यात खोल गेलेला गैरसमज हाच, कारण मूल सांभाळणं हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न आहे असं सरपंचापासून शेजाऱ्यापर्यंत सगळ्यांना वाटतं. प्रत्यक्षात महाराष्ट्रातल्या ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाचे दहा टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. हिंजवडी, माण, भूगाव, पिरंगुट ही कंपन्या, कारखाने आणि टोलेजंग इमारतींची गावं. त्यांचा घरपट्टीचा वसूल डोंगराळ वाडीच्या पंचायतीच्या कितीतरी पट आहे. त्यातले दहा टक्के कशावर खर्च झाले, हे विचारण्याचा अधिकार प्रत्येक मतदाराला आहे. शिलाई मशीन आणि हळदीकुंकवाच्या कार्यक्रमांवर ते संपत असतील, तर तेही ग्रामसभेत समजायला हवं.

समाजमंदिर किंवा शाळेची रिकामी खोली, उमेद अभियानातल्या बचत गटातल्या दोन-तीन प्रशिक्षित बाया, त्यांचं मानधन पंचायतीच्या या निधीतून आणि थोडं पालकांच्या फीतून, कारखान्यांचा वाटा सामाजिक सुरक्षा संहितेच्या ६७ व्या कलमाखाली. हे सगळे धागे आजच्या कायद्यात आणि नियमांत आहेत. कुठलाही नवा कायदा लागत नाही. ग्रामसभेच्या आधी महिलांची स्वतंत्र सभा घ्यायची असते. तिथे गावातली सहा वर्षांखालची मुलं किती, त्यांतली किती घरं एकट्या पालकाची आणि पाळ्या कोणत्या वेळेच्या, एवढी यादी घेऊन जावं. ठराव लेखी मांडावा, सूचक-अनुमोदकांची नावं घालावीत, इतिवृत्तात नोंद झाली का ते पाहावं आणि त्याची नक्कल मागावी. पाळणाघराची वेळ ठरवताना पहिल्या पाळीची वेळ धरावी, कार्यालयाची नको. नऊला उघडणारं पाळणाघर सातच्या पाळीला जाणाऱ्या बाईच्या कामाचं नाही.